वीस ग्रॅम युरियाचं ओझं

डायलिसिसला आलेला माणूस आधी वजनकाट्यावर उभा राहतो. मागच्या वेळी निघताना होतं त्याहून वजन अडीच किलो जास्त भरलं, तर अडीच लिटर पाणी अंगात साठलंय, असा सरळ हिशोब. तेवढं आज काढायचं. मग पलंग, मग हात उशीवर. त्या हातात शस्त्रक्रिया करून एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडलेली असते, तो फिस्टुला. धमनीचा जोर सोसून सोसून ती शीर बोटाएवढी जाड झालेली असते, आणि तिच्यावर हात ठेवला तर आतून थरथर जाणवते. तिच्यात दोन जाड सुया जातात. एकीतून रक्त बाहेर येतं, दुसरीतून परत जातं. पुढचे चार तास तो हात हलवायचा नाही.

शेजारचं यंत्र माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं उंच असतं. पण रक्त शुद्ध होण्याचं काम त्या यंत्राच्या पोटात होत नाही. ते होतं यंत्राच्या कडेला चिमट्यात अडकवलेल्या एका पारदर्शक नळीत. तिचं नाव डायलायझर. लांबी फूटभर, जाडी मनगटाएवढी, आणि वजन इतकं कमी की एका हातात सहज झेलावी. आत केसासारखे पोकळ तंतू, दहा हजारांच्या घरात. एकेकाचा आतला व्यास मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा. तंतूंच्या आतून रक्त वाहतं आणि बाहेरून, उलट्या दिशेने, डायलिसेट नावाचं क्षारांचं द्रावण. तंतूंच्या भिंतींना अतिसूक्ष्म छिद्रं असतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं त्यांतून जात नाहीत. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम मात्र जिथे आपलं प्रमाण कमी तिकडे, म्हणजे द्रावणात, निघून जातात.

म्हणजे रक्त गाळणारा भाग केव्हाच लहान झालेला आहे. असे पोकळ तंतू स्वस्तात आणि इथेच तयार व्हावेत म्हणून मुंबईच्या आयआयटीत जयेश बेल्लारे यांच्या गटानेही बरंच काम केलं आहे. मग ती नळी, एक छोटा पंप आणि बॅटरी पट्ट्यात खोचून माणूस सरळ कामावर का जात नाही? डायलिसिसवरचे रुग्ण हा प्रश्न डॉक्टरांना विचारतात, अभियांत्रिकीची मुलं प्रकल्पासाठी तो निवडतात, आणि दोघांनाही वाटतं की सगळं अडलंय ते यंत्र लहान करण्यापाशी.

अडलंय दुसरीकडेच. डायलिसिस केंद्राच्या मागच्या खोलीत डोकावलं तर ते दिसतं. तिथे आरओ प्लांट असतो, टाक्या असतात, पाइपांचं जाळं असतं. चालू डायलिसिसमध्ये मिनिटाला सुमारे अर्धा लिटर द्रावण नळीतून जातं आणि थेट गटारात सोडलं जातं. चार तासांचे झाले 120 लिटर. आठवड्यात तीन वेळा.

एवढं पाणी कशाला? हिशोब सोपा आहे. माणसाच्या शरीरात रोज ढोबळमानाने 20 ग्रॅम युरिया तयार होतो. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात लिटरमागे एक ग्रॅम युरिया आहे असं धरू. निरोगी माणसाच्या तिप्पट. आता द्रावण रक्ताशेजारी कितीही वेळ ठेवलं तरी त्यातला युरिया रक्तातल्या युरियाच्या वर चढू शकत नाही. दोन्हीकडे सारखं झालं की देवाणघेवाण थांबली. म्हणून एक लिटर द्रावण जास्तीत जास्त एक ग्रॅम युरिया उचलणार, आणि रोजचे 20 ग्रॅम उचलायला 20 लिटर द्रावण लागणार. साबण लावलेले कपडे खळबळताना जे होतं तेच. साबण चिमूटभर असतो, बादल्या मात्र चार लागतात. यात पंप चांगला घेऊन किंवा तंतूंचं पटल सुधारून काही फरक पडत नाही. वीस लिटर म्हणजे वीस किलो. पाठीवर सिमेंटचं अर्धं पोतं नाही, पण त्याच्या जवळपास.

निरोगी मूत्रपिंडं ही अडचण कशी सोडवतात हे पाहण्यासारखं आहे, कारण शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख नुसती गाळणी म्हणून करून दिली जाते आणि खरी कामगिरी झाकली जाते. दोन्ही मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात ओढून घेतात. लिटरमागे जेमतेम पाव ते एक तृतीयांश ग्रॅम युरिया असलेल्या रक्तातून लिटरमागे 10-13 ग्रॅम युरिया असलेली लघवी ती तयार करतात. दीडशे ग्रॅमच्या अवयवाला हे जमतं, कारण धुण्याचं पाणी तो फेकत नाही, स्वच्छ करून पुन्हा वापरतो. अंगावर घालायचं मूत्रपिंड बनवायचं तर तेच करावं लागेल.

पण त्याआधी, हा खटाटोप करायचाच कशाला? पलंगावर चार तास पडून काम होतंय ना?

होतंय, पण धक्क्याधक्क्याने. आठवड्याचे तास 168. त्यांतले 12 तास रक्त शुद्ध होतं, उरलेले 156 तास घाण आणि पाणी साठत राहतं. मूत्रपिंडाचं काम असं हप्त्याने करायचं नसतं. म्हणून रुग्णाला दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागतं, नारळपाणी आणि केळं टाळावं लागतं, लोणच्याकडे नुसतं बघावं लागतं. डायलिसिस झाल्यावर अंगात त्राण राहत नाही. तो दिवस गेलाच. आणि आठवड्यातून एकदा दोन दिवसांचा मोठा खंड पडतो, त्याचा हिशोब तर जिवाशी. अमेरिकेतल्या 32 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचं आणि हृदयविकाराने दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा स्पष्टपणे जास्त होतं.

याची दुसरी बाजू यंत्र घडवणाऱ्याच्या फायद्याची आहे. मिनिटाला 250 मिलिलिटर रक्तातला युरिया साफ करणारं मोठं यंत्र आठवड्यात 12 तास चाललं तर 180 लिटर रक्त साफ होतं. मिनिटाला फक्त 20 मिलिलिटर साफ करणारं चिमुकलं यंत्र आठवडाभर अखंड चाललं तर 200 लिटरांच्या वर. म्हणजे अंगावरच्या यंत्राला दमदार असण्याची गरजच नाही. त्याने फक्त थांबायचं नाही.

हा विचार जुना आहे, आणि तो पहिल्यांदा मनावर घेणाऱ्यांत कृत्रिम मूत्रपिंडाचा जनकच होता. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने 1943 मध्ये, नेदरलंड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, काम्पेन नावाच्या छोट्या गावातल्या इस्पितळात फिरत्या पिंपाचं यंत्र उभारलं. सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची तीस-चाळीस मीटर नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळलेली, आणि पिंप अर्धवट बुडालेलं 100 लिटर द्रावणात. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. सप्टेंबर 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई वाचली. पुढे कोल्फ अमेरिकेत गेले आणि 1970च्या दशकात युटा विद्यापीठात त्यांच्या गटाने छातीवर बांधायचं साडेतीन किलोंचं मूत्रपिंड तयार केलं. ते बांधून रुग्णांना नदीवर तराफ्यातून सहलीलाही नेलं. फोटोत ते फार झोकात दिसतं. फोटोत सहसा न येणारी गोष्ट अशी की अधूनमधून त्या यंत्राला एका टाकीशी जोडून घ्यावं लागे. टाकी किती लिटरची? 20. आपला मघाचा हिशोब कोल्फनाही चुकला नाही.

वाट दाखवली ती वेगळ्याच यंत्राने. 1973 मध्ये अमेरिकेत रेडी नावाचं यंत्र बाजारात आलं. ते 120 लिटरांचं काम 6 लिटरांत करत असे. वापरलेलं द्रावण फेकण्याऐवजी ते एका कार्ट्रिजमधून नेलं जाई. कार्ट्रिजमध्ये एकावर एक थर होते, आणि आजही अंगावर घालायच्या बहुतेक यंत्रांचा गाभा तोच आहे, म्हणून ते थर नीट पाहू.

सक्रिय कोळसा क्रिएटिनिन, युरिक आम्ल आणि अशा बऱ्याच सेंद्रिय घाणीला धरून ठेवतो. युरियाला मात्र तो जवळपास धरतच नाही. युरियाचा रेणू लहान, विद्युतभार नसलेला आणि पाण्यावर इतकी माया असलेला की त्याला पाण्यातून वेगळं काढणं महाकठीण. म्हणून त्याला पकडण्याऐवजी फोडतात. युरिएज हे विकर युरियाचं अमोनियम आणि कार्बोनेट करतं. अमोनियम युरियापेक्षा कितीतरी जास्त विषारी. ते रक्तात जाता कामा नये. पण त्याच्यावर विद्युतभार असतो, म्हणून ते पकडता येतं. पुढच्या थरातलं झिर्कोनियम फॉस्फेट अमोनियमला धरतं आणि बदल्यात हायड्रोजन आणि सोडियम सोडतं. ते पोटॅशियमही धरतं, ते बरंच आहे. पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही धरतं, ते बरं नाही. म्हणून ही दोन द्रव्यं छोट्या पंपाने परत घालावी लागतात. शेवटी झिर्कोनियम ऑक्साइड फॉस्फेटला अडवतं. कार्ट्रिजची धारणशक्ती संपली की अमोनियम पलीकडे झिरपू लागतं. त्यामुळे कार्ट्रिज कधी बदलायचं हे आधी कळलं पाहिजे. नंतर कळून उपयोग नाही.

लॉस एंजेलिसचे डॉ. व्हिक्टर गुरा यांनी हीच रसायनं कमरेच्या पट्ट्यात बसवली. वजन सुमारे 5 किलो, 9 व्होल्टची बॅटरी, 0.6 चौरस मीटर पटलाचा छोटा डायलायझर, आणि फिरतं द्रावण अर्ध्या लिटरहूनही कमी. पंप एकच, पण त्याचे कप्पे दोन: रक्ताचा ठोका पुढे जातो तेव्हा द्रावणाचा मागे राहतो. दोन्हीकडचा दाब असा आळीपाळीने चढल्या-उतरल्यामुळे पटलातून देवाणघेवाण जास्त होते, आणि एका मोटारीचं वजन वाचतं. मला या सगळ्या यंत्रात तो पंप सर्वांत देखणा वाटतो.

2007 मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांनी हा पट्टा चार ते आठ तास घातला. ते फिरले, बसले, झोपले. युरिया मिनिटाला सरासरी 22.7 मिलिलिटर या वेगाने साफ झाला. दोघांच्या बाबतीत हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, कमी पडलं आणि सुईच्या जागी रक्ताची गुठळी झाली. एकाची सुई निसटली. पंप आपोआप थांबला. 2012 मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने मूत्रपिंडाच्या तीन नव्या कल्पनांना खास मार्गाने पुढे नेण्यासाठी निवडलं, त्यांत हा पट्टा होता. त्यानंतरची चाचणी सिएटलमध्ये झाली. आता चार-आठ तास नव्हे, पूर्ण 24 तास. दहा रुग्ण ठरले होते. सातव्यानंतर चाचणी थांबवावी लागली.

थांबवली ती बुडबुड्यांमुळे.

युरिया फोडला की अमोनियमसोबत कार्बोनेट होतं हे वर आलंच आहे. झिर्कोनियम फॉस्फेटने सोडलेला हायड्रोजन त्याला भेटला की कार्बन डायऑक्साइड. 20 ग्रॅम युरिया म्हणजे एक तृतीयांश मोल. त्यातला सगळा कार्बन वायू म्हणून सुटला तर खोलीच्या तापमानाला त्याचे आठ लिटर होतात. अर्ध्या लिटरहून कमी द्रावण फिरवणाऱ्या यंत्रात दिवसाकाठी आठ लिटर वायू! सगळा सुटत नाही, बराच विरघळून राहतो, काही रक्तातून फुफ्फुसांवाटे जातो. पण थोडासा सुटला तरी पंपाची लय बिघडते, द्रावणाचा वेग कमी-जास्त होतो.

मोठ्या यंत्रात बुडबुड्याची भीती नसते असं नाही, पण तिथे त्याला पकडणं सोपं. उभ्या नळीत वायू वर जातो, द्रव खालून काढून घ्यायचा. हा उपाय एका गोष्टीवर उभा आहे: यंत्राला वर कुठे आणि खाली कुठे हे ठाऊक असतं. अंगावरच्या यंत्राला ते ठाऊक नसतं. माणूस वाकून चपला घालतो, बसमध्ये दांडी धरून कलतो, कुशीवर झोपतो. प्रत्येक वेळी यंत्राचं आकाश बदलतं. मग वायू बाहेर सोडणारी आणि पाणी अडवणारी पटलं लावायची, तीही सगळ्या बाजूंनी, आणि ती ओली होऊन बुजणार नाहीत हे पाहायचं. प्रयोगशाळेच्या टेबलावर महिनोन्महिने नीट चाललेलं यंत्र माणसाने अंगात घालताच का रुसतं, याची अर्धी उत्तरं अशी साधी असतात. एक मात्र इथे लिहून ठेवलं पाहिजे. ज्या रुग्णांनी 24 तास पूर्ण केले त्यांचं रक्त दिवसभर समतोल राहिलं, आणि त्या काळात त्यांना खाण्यापिण्याची नेहमीची बंधनं पाळावी लागली नाहीत. कल्पना चुकलेली नव्हती.

युरिया फोडायची दुसरी रीत सापडली तर अमोनियम नको आणि झिर्कोनियमही नको. सिएटलच्याच वॉशिंग्टन विद्यापीठात टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारांवर एलईडीचा प्रकाश टाकून युरियाचं थेट नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करण्याचे प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. नेदरलंड्समध्ये उत्रेख्तचे संशोधक युरियाशी रासायनिक बंध जोडणाऱ्या बहुवारिकांच्या मागे आहेत. एकात बुडबुडे कायम राहतात. दुसऱ्यात बंध जुळायला वेळ लागतो. या वीस ग्रॅमांवर जगभर जेवढी डोकी लागली आहेत तेवढी बहुधा मूत्रपिंडाच्या इतर कुठल्या कामावर लागली नसतील.

सुईचा प्रश्न रसायनाचा नाही, पण तोही तितकाच आडमुठा आहे. डायलिसिस केंद्रात टेक्निशियन दर थोड्या वेळाने चक्कर मारतो, सुईवरची पट्टी बघतो, पांघरूण बाजूला करून हात उघडा ठेवायला लावतो. मिनिटाला 300 मिलिलिटर रक्त परत नेणारी सुई निसटली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही तर काही मिनिटांत माणूस जातो. पट्ट्यातलं रक्त मिनिटाला 50-60 मिलिलिटरच वाहतं. तरी झोपेत कोण बघणार? गळ्याच्या शिरेतली कायमची नळी घेतली तर सुई टळते, पण जंतुसंसर्गाला दार उघडं. आणि 24 तास हेपॅरिन चालू असलेला माणूस दाढी करतो, मोटारसायकलवरून पडतो. यंत्र लहान करताना आपण आरओ प्लांटच नाही, तो चक्कर मारणारा टेक्निशियनही पट्ट्यात बसवायला निघालो आहोत, हे आराखडा काढणाऱ्याच्या फार उशिरा ध्यानात येतं.

म्हणून काहींनी रक्त बाहेर काढणंच सोडून दिलं. पोटाच्या आत आतड्यांना वेढून असलेलं पातळ आवरण, पेरिटोनियम, हेही एक पटलच आहे आणि त्यामागे रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. 1976 मध्ये टेक्सासच्या पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी पोटात दोन लिटर द्रावण भरून ठेवायचं आणि दिवसातून चार-पाच वेळा बदलायचं, अशी पद्धत मांडली. आपल्याकडे रुग्ण तिला पोटाचं डायलिसिस म्हणतात. माझ्या मते अंगावर वागवायचं आजवरचं सर्वांत यशस्वी कृत्रिम मूत्रपिंड हेच: ना पंप, ना बॅटरी. पोटात पिशवी रिकामी करून माणूस शेतावर जाऊ शकतो. अडचण अशी की महिन्याला शेकडो लिटर द्रावणाच्या पिशव्या घरी आणून ठेवायच्या, आणि हात न धुता एकदा जरी नळी जोडली तरी पेरिटोनियमला संसर्ग व्हायची धास्ती.

सिंगापूरच्या अवॅक या यंत्राने या पद्धतीला कार्ट्रिजची जोड दिली. पोटातलं द्रावण बाहेर घ्यायचं, शोषकांतून स्वच्छ करायचं, परत पोटात सोडायचं. वजन 3 किलोंच्या आत. सिंगापूर जनरल हॉस्पिटलमध्ये त्याची माणसांवरची पहिली चाचणी झाली; गंभीर इजा झाली नाही, पण पोट फुगल्यासारखं वाटणं आणि दुखणं अनेकांनी सांगितलं. सुई नाही, हेपॅरिन नाही, आणि हवेचा बुडबुडा शिरलाच तर तो रक्तात न जाता पोटात जातो. पैज लावायचीच तर मी या बाजूने लावीन.

भारतात या सगळ्याचं मोल वेगळं आहे. सरकारी आकड्यांनुसार देशात दरवर्षी सुमारे 2.2 लाख नवे रुग्ण मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याच्या टप्प्याला पोचतात. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत खाटा आल्या, तरी आडगावच्या माणसाला आठवड्यातून तीनदा एसटी पकडून जाणं-येणं चुकलेलं नाही. सोबत घरचा एक माणूस, म्हणजे दोघांचा रोजगार बुडाला. कमरेचा पट्टा सर्वांत जास्त उपयोगी पडेल तो याच माणसाला. पण त्या पट्ट्याला रोज एक ताजं कार्ट्रिज लागणार, आणि आपल्याकडे कित्येक केंद्रांत एकच डायलायझर धुऊन त्याच रुग्णाला पुन्हा पुन्हा वापरतात. असा देश रोज एक कार्ट्रिज फेकून देईल, हे संभवत नाही.

त्यामुळे मला बॅटरी किती टिकते यापेक्षा कार्ट्रिज किती वेळा भरून निघतं हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. झिर्कोनियम फॉस्फेटला धरलेलं अमोनियम योग्य क्षारांच्या आणि आम्लाच्या द्रावणाने धुऊन काढता येतं आणि ते पुन्हा कामाला लावता येतं. धुवायला पाणी लागेल, भरपूर लागेल. पण ते रुग्णाच्या पाठीवर नसेल. तालुक्याच्या ज्या केंद्रात आज दहा खाटा आणि एक आरओ प्लांट आहे, तिथे तोच प्लांट कार्ट्रिज धुण्याच्या कामी येईल, आणि रुग्ण आठवड्यातून एकदा वापरलेली सात देऊन धुतलेली सात घेऊन दुपारच्या एसटीने परत जाईल.